अदृश्य म्हणजे गायब नव्हे

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय.

रविवारचा डीअँडडीचा (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, आपापलं पात्र घेऊन फाशांवर गोष्ट रचायचा खेळ) डाव नेहमीप्रमाणे सांगलीच्या विश्रामबागेत. फासे, चहा, परातभर भडंग. माझी १२ वर्षांची भाची पहिल्यांदाच खेळायला आलेली, बार्बेरियन म्हणजे रांगड्या योद्ध्याचं पात्र घेऊन. गोष्टीत गुडघाभर पाणी साचलेलं तळघर, समोर विझार्ड, म्हणजे जादूगार. त्याने स्वतःवर इन्व्हिजिबिलिटी (अदृश्य करणारं स्पेल, म्हणजे मंत्र) टाकली आणि बाजूला सरकला. पोरीची पाळी आली. ती म्हणाली, "तो पाण्यातच आहे ना? मग पाणी कुठं हलतंय बघते आणि तिथं कुऱ्हाड घालते."

डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि निवाडा देणारा, म्हणाला, "तो अदृश्य आहे. तुला काही कळत नाही. पुढचा."

पुढचा!

अरे, सांगलीच्या पोरीला पाणी हललेलं कळत नाही? आणि नियमही तिच्याच बाजूने आहे. आपल्या टेबलावर अजून २०१४ चे नियम चालतात. त्यात अदृश्यतेच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की असा प्राणी दिसत नाही, पण आवाजावरून किंवा मागे सोडलेल्या खुणांवरून तो कुठे आहे ते कळू शकतं. दिसणं वेगळं आणि ठावठिकाणा लागणं वेगळं. न दिसण्याची शिक्षा म्हणजे डिसअॅडव्हान्टेज: डी-२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, दोनदा टाकायचा आणि कमी आलेला आकडा धरायचा. पाळीच काढून घ्यायची असं कुठेही नाही.

खरंच बेपत्ता व्हायचं तर हाइड करावं लागतं, म्हणजे लपावं लागतं, स्टेल्थचा (चोरपावलांचा) फासा समोरच्याच्या पर्सेप्शनवर (चाहूल लागण्यावर) भारी पडावा लागतो. विझार्डची अॅक्शन, म्हणजे त्या पाळीतली मुख्य कृती, स्पेल टाकण्यातच गेली होती. मग तो लपला कधी?

आंधळी कोशिंबीर आपण सगळेच खेळलोय. डोळ्यांवर रुमाल घट्ट बांधलेला, तरी बांगडी वाजली की हात तिकडेच जायचा. माझी भाची तेच करत होती. तिला नियम पाठ नव्हते, तिला तळघर दिसत होतं!

आणि तिचा घाव बसला असता तर? इन्व्हिजिबिलिटी कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे टाकणाऱ्याचं लक्ष एकाग्र असेतोवरच, टिकते. मार लागला की कॉन्स्टिट्यूशनची (काटकपणाची) सेव्ह, म्हणजे तग धरायचा फासा, किमान १० हवेत. ती हुकली की विझार्ड सगळ्यांसमोर उघडा. म्हणजे टेबलावरच्या सगळ्यांत नवख्या खेळाडूने सगळ्यांत अचूक उपाय सांगितला होता, आणि आम्ही जुनी खोंडं भडंग खात बसलो. मीसुद्धा तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. त्याचाही राग आहे.

तिने आणखी एकदा प्रयत्न केला. "माझ्या पिशवीत हळद आहे, ती उधळते." तिच्या वडिलांचा हळदीचा व्यापार, दुसरं काय सुचणार तिला! त्यालाही नाही. बरं, हळदीचा नियम पुस्तकात नाही, मान्य. पण फेअरी फायर हे पहिल्या लेव्हलचं स्पेल अंगाभोवती उजेडाची कड काढून अदृश्यतेचा फायदा घालवतं, म्हणजे कल्पना खेळाबाहेरची नाही. एक फासा टाकायला लावायचा होता, बस.

२०२४ च्या नियमांत आवाज-खुणांचं ते वाक्य राहिलं नाही आणि लपलेल्यालाही इन्व्हिजिबल हीच कंडिशन मिळते, त्यामुळे लोकांचा घोळ होतो, हेही कबूल. पाथफाइंडर या अशाच आणखी एका खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने हे स्वच्छ मांडलंय. तिथे समोर दिसणारा, जागा माहीत पण न दिसणारा, जागाही माहीत नसलेला आणि आहे याचीच कल्पना नसलेला, अशा चार पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवरच्याला मारायचं तर आधी डी-२० वर ११ किंवा जास्त. भाचीचा विझार्ड नेमका त्या दुसऱ्या पायरीवर होता.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. डीएम, तू ऑफिस सांभाळून रात्री जागून तो नकाशा हाताने काढलास, पाण्याला निळा रंगसुद्धा दिलास, ते मी पाहिलंय. विझार्डने स्पेल खर्चलं तर त्याला काहीतरी मोल हवं, हेही खरं. पण घरी परतताना पोरगी गाडीवर मागे बसून एक शब्द बोलली नाही. जिन्यात फक्त विचारलं, "मावशी, मी चुकीचं खेळले का?"

नाही गं बाळा.

डीएम, पुढच्या रविवारी तिच्याच पाळीपासून सुरू कर. तो विझार्ड अजून पाण्यातच उभा आहे.