आवाज मोठा की फरक मोठा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

झणझणीत प्रतिक्रियेबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा आधी देतो. ड्रम कोअर म्हणजे अमेरिकेत मैदानावर कवायत करत स्पर्धेत वाजवणारं, पितळी फुंकवाद्यं (ब्रास), ड्रम आणि झेंडेवाल्यांचं पथक. त्याच्या ब्रासचं कौतुक करताना आपण ‘किती जोरात’ यातच अडकतो आणि हळू-जोरातला फरक ऐकतच नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता : हे मैदानावरचं वादन आहे, दिवाणखान्यातली मैफल नव्हे, हळू वाजवलेलं स्टेडियमच्या वरच्या रांगेत पोचतच नाही, नव्वदच्या दशकात तुम्ही ऐकलेले कोअर छातीवर आदळायचे, आताचे नुसते नाजूक नि नटवे झालेत, आणि ‘आमच्या ढोल-ताशा पथकात कधी कोणी हळू वाजवलंय का?’

शेवटचं आधी घेतो, कारण ते सोपं आहे. वाजवलंय की! ढोल थांबतात, एकट्या ताशाची तर्री चालू राहते, लोक माना उंच करून बघायला लागतात आणि मग सगळे ढोल एकदम पडतात. काटा येतो तो त्या ठोक्याला. तासभर सगळे ढोल सलग वाजत राहिले तर त्याच ठोक्याला कोणी वळूनही बघणार नाही. पथकात वाजवलेल्या माणसाला हे मी काय सांगायचं.

आता थोडा हिशेब करू. एका मोठ्या कोअरमध्ये साधारण ८० ब्रासवादक धरा. सगळे जीव तोडून वाजवतायत आणि तरी आवाज वाढवायचाय. वादक दुप्पट केले, १६० उभे केले, तर आवाज वाढतो ३ डेसिबल. फरक कळेल, पण ‘बाप रे’ म्हणण्याइतका नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद, म्हणजे ८०० वादक. कोअरमध्ये एकूण माणसं किती घ्यायची यालाच नियमाची मर्यादा आहे आणि त्यात ड्रमवालेही आले, झेंडेवालेही आले. म्हणजे वरची हद्द जवळजवळ ठरलेली आहे. खालची हद्द मात्र मोकळी आहे. हिटच्या, म्हणजे सगळे एकदम जोरात वाजवतात त्या दणक्याच्या, आधीचे आठ ठोके १० डेसिबलनी खाली आणले की त्यांच्या तुलनेत तोच हिट आधीपेक्षा दुप्पट मोठा होऊन आदळतो, आणि त्यासाठी एकही वादक वाढवावा लागत नाही.

दुसरी गोष्ट नादाची. पितळी वाद्यात जोर वाढला की नुसता आवाज वाढत नाही, त्याचा पोत बदलतो. नळीतल्या हवेची लहर जोरात फुंकल्यावर पुढे सरकताना अधिकाधिक तीव्र चढाची होत जाते, वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत वाजणारे उंच उपस्वर) उसळतात आणि आवाजाला धार येते. म्हणून तर मोबाइलवर आवाज अगदी बारीक करून ऐकलं तरी कोणता भाग जोरात वाजवलाय ते लगेच कळतं. कान डेसिबल मोजत बसत नाही, तो ही धार ओळखतो. पहिल्या मिनिटापासून अकराव्या मिनिटापर्यंत सगळीकडे तीच धार असेल तर ती नेमकी कशाची खूण हेच कळेनासं होतं. आणि एका मर्यादेपुढे नाद फाटतो. फाटलेल्या नादाचे सूर एकमेकांत बसत नाहीत, कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ) विस्कटते, आणि गंमत म्हणजे मोजणीत मोठा असलेला आवाज ऐकायला लहान वाटतो. खर्जाचे ट्यूबा भक्कम, वरचे ट्रम्पेट थोडे आवरलेले, सूर चोख, असं वाजलं की स्टेडियम भरतं.

‘हळू वाजवलेलं पोचत नाही’ हा मुद्दा मात्र वजनदार आहे. मैदानावरचा ‘पियानो’ (वाद्य नव्हे, ‘हळू’ची पाश्चात्त्य खूण) म्हणजे सभागृहातला पियानो नव्हेच. पण मैदानावर हळू करायची आणखी एक युक्ती आहे : पाठ फिरवायची. ब्रासचे वरचे हार्मोनिक्स बेलच्या, म्हणजे वाद्याच्या पसरट कर्ण्याच्या, तोंडासमोर सरळ जातात, खालचे सगळीकडे पसरतात. त्यामुळे ८० जणांनी बेल मागे वळवल्या की आवाज कमी होतोच, शिवाय धारही जाते. मग एका ठोक्यावर सगळे समोर वळले की फुंक तेवढीच ठेवूनही पडदा सरकतो. आणि प्रेक्षकांबद्दल म्हणाल, तर आवाज खाली आला की गोंगाटही खाली येतो. चिप्सची पाकिटंसुद्धा थांबतात, हे तुम्हीही पाहिलं असेलच.

मागे एका शोच्या आधी पार्किंग लॉटमध्ये सराव ऐकत उभा होतो. वादक अर्धवर्तुळात, मेट्रोनोमची टकटक स्पीकरवर, आणि शिक्षक एकच सूर धरायला लावत होते : आठ ठोक्यांत हळूपासून पूर्ण जोरापर्यंत, आठ ठोक्यांत परत. चढताना सगळं छान. उतरताना, सहाव्या ठोक्याच्या आसपास, माझ्यासमोरच्या बॅरिटोनवाल्या (मधल्या पट्टीचं पितळी वाद्य) मुलीचा सूर किंचित खाली सरकला आणि सातव्याला ओठ थरथरायचेच थांबले. नुसती हवा. शिक्षकांनी तेवढाच उतार पुन:पुन्हा घेतला, चढाकडे बघितलंही नाही. उभ्या जागी ही स्थिती; मैदानावर तीच मुलगी मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत मागे मागे पळत असणार. तुम्ही ज्याला नाजूकपणा म्हणता ते खरं तर दमसासाचं काम आहे.

नव्वदचं दशक तुम्हीच काढलंत म्हणून १९९३ची आठवण देतो. स्टार ऑफ इंडियाना या कोअरने त्या वर्षी बार्बर आणि बार्टोक या संगीतकारांचं संगीत वाजवलं. लांबच लांब जवळजवळ कुजबुजते भाग, मध्येच अंगावर येणारे स्फोट. काही ठिकाणी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. जॅक्सन, मिसिसिपीच्या अंतिम फेरीत ते कॅडेट्स या कोअरच्या मागे, ०.१ गुणाने, दुसरे आले. त्यानंतर स्टारने स्पर्धाच सोडली, रंगमंचाची वाट धरली, आणि त्याच मंडळींचा ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचीय प्रयोग १९९९मध्ये लंडनला, २००१मध्ये ब्रॉडवेला गेला. हुर्यो उडवणाऱ्यांची बाजू मला कळते. वर्षभर वाट बघून आलेल्या माणसाला अंगावर आवाज घ्यायचा असतो. तरीही त्या दशकातलं माझ्या कानात राहिलेलं ब्रास तेच आहे.

तुमचा आवडता कोअर, मॅडिसन स्काउट्स, दणकेबाज होता, वादच नाही. तेव्हा सगळी ब्रास वाद्यं ‘जी’ या सुरात बांधलेली ब्युगल (बिगुलाच्या जातीची). इतर सुरांतली वाद्यं चालतील असा नियम २००० साली झाला. पण लोक त्याचं सारं श्रेय ‘जी’ला देतात ते मला पटत नाही. त्यांचाही दणका उभा राहतो तो आधी आवरून धरलेल्या भागामुळेच. आठवण शिखराची राहते, पायथ्याची राहत नाही. रेकॉर्डिंग पुन्हा ऐका, पण सुरुवातीपासून ऐका. थेट शेवटच्या दोन मिनिटांवर उडी मारू नका.

एका बाबतीत मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूने. २००४मध्ये ध्वनिवर्धनाला परवानगी मिळाली, २००९मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या हिटखाली सिंथेसायझरचा खर्ज ओतायची खोड लागली आहे. इकडचे रसिक त्याला ‘गू’ म्हणतात (इंग्रजीत हं, चिकट लगदा या अर्थी, आपला अर्थ घेऊ नका, घेतलात तरी हरकत नाही). ट्यूबावाल्यांनी कष्टाने बांधलेला पाया त्या चिकट थराखाली दिसेनासा होतो. शिवाय तो खर्ज हिटच्या आधीपासूनच घुमत असतो, म्हणजे खालची हद्द वर आणून ठेवतो. आताचे कोअर छातीवर आदळत नाहीत ही तुमची तक्रार मला तरी बरीचशी इथेच मुरलेली दिसते, हळू वाजवण्यात नाही.

आणि हो, ऑगस्टमध्ये मुलाला घेऊन इंडियानापोलिसला अंतिम फेरीला जाताय, कुठे बसू असं विचारलंत. पुढच्या रांगा टाळा; तिथे समोरचे स्पीकर आणि मरिंबाच (लाकडी पट्ट्यांचं मोठं तालवाद्य) ऐकू येतात. ५० यार्डाच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या, रेषेच्या आसपास, जमेल तितकं वर, परीक्षकांच्या उंचीला. शोची आखणी तिथल्या कानासाठीच होते. तिकीट महाग पडेल. परवडत नसेल तर बाजूला सरका, पण खाली उतरू नका.