सुई खुपसली की वाफसा कळला?

पेरण्या उरकल्यापासून ग्रुपवर मातीतली ओल मोजणाऱ्या, सुया असलेल्या सेन्सरबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘हा सेन्सर मातीचं तापमान बघतो. थंड म्हणजे ओल, गरम म्हणजे कोरडी. एकदा खुपसला की कुठल्याही जमिनीत ओलीचा टक्का अचूक. ढेकूळ फोडून बघायची गरज नाही.’

पहिलंच वाक्य चूक. तसं असतं तर माझं वावर रोज सकाळी ओलं आणि दुपारी कोरडं निघालं असतं. हा सेन्सर स्वतः माती तापवतो. एका सुईतून साधारण ८ सेकंद उष्णता सोडतो आणि ६ मिलिमीटरवरच्या दुसऱ्या सुईत तापमान किती चढलं ते मोजतो. हा चढ एखाद्या अंशाचाच. एक घनमीटर पाणी एक अंशानं तापवायला ४.१८ मेगाज्यूल लागतात, मातीतल्या खनिजांना त्याच्या निम्मे, हवेला जवळपास काहीच नाही. म्हणून ओल जास्त, तर चढ कमी.

‘कुठल्याही जमिनीत अचूक’ हे मात्र परभणीकडच्या काळ्या रानात कुणी म्हणू नये. हिशेबात सुयांमधल्या अंतराचा वर्ग येतो. खुपसताना खडा लागून सुया ०.३ मिलिमीटर फाकल्या, की ६ चे ६.३ होतात, सेन्सर मात्र ६ च धरतो. खरी ओल ३० टक्के असेल तर आकडा ३५ दाखवतो. एक पाणी वाचलं म्हणून आपण खूश, आणि तिकडे हरभरा वाळतोय! त्यात कोरडी मातीही उष्णता घेते. तिचा वाटा वजा करायचा तो तिच्या घनतेवरून, आणि आपली माती तर ओलीत फुगते, सुकली की आकसते, म्हणजे घनताही बदलते.

‘एकदा खुपसला की’ झालं? गेल्या रब्बीत ज्वारीच्या दोन ओळींच्या मध्ये मी सुया रोवल्या. जानेवारीत भेग गेली ती नेमकी तिथूनच, बोट जाईल एवढी. एक सुई उघडी पडली होती. आकडा मात्र येतच होता.

टक्क्याचंही तसंच. भारी जमिनीत २५ टक्के पाणी असूनही पीक माना टाकू शकतं, कारण चिकण ते सोडत नाही. हलक्या रानात तेवढंच पाणी भरपूर होतं. माती पाणी किती घट्ट धरून आहे ते सांगणारा, सच्छिद्र चिनी मातीच्या कांडीचा सेन्सर वेगळा. तोही उष्णतेवरच चालतो आणि भेगेला तोही भितो.

राहिलं ढेकूळ. सुयांना दिसते ती भोवतीची इंच-दीड इंच माती, ज्वारीची मुळं त्याच्या कितीतरी खाली. आणि सेन्सरचा आकडा पडताळायचा तर शेजारची माती मापाच्या नळीनं काढून, १०५ अंशांवर २४ तास सुकवून, आधीचं आणि नंतरचं वजन करावंच लागतं. यंदा सुया नव्यानं रोवल्यात, नळी बांधावरच ठेवलीय.