आंब्याची पेटी, वाशीची पट्टी आणि एक प्रयोग

‘कोकणी माणूस संशयी’ हे ऐकून कान किटले. विश्वासाचा स्वभावाशी जेवढा संबंध, त्याहून जास्त डाव कसा मांडलाय त्याच्याशी असतो, असं माझं मत आहे.

हापूसचा बागायतदार पेट्या वाशीच्या घाऊक बाजारात दलालाकडे पाठवतो. माल विकताना तो तिथे नसतो. भाडं-हमाली कापून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येते तेव्हा कळतं, काय पदरात पडलं. नेमकी हीच अडचण बर्ग, डिकहॉट आणि मॅकेब या संशोधकांनी १९९५ साली प्रयोगात मांडली. दोघांना दहा-दहा डॉलर. पहिल्याने हवे तेवढे पाठवायचे, वाटेत त्यांचे तिप्पट होणार, दुसऱ्याने मनात आलं तर त्यातले परत करायचे. नाव-गाव कुणालाच ठाऊक नाही आणि डाव एकदाच. पक्का हिशेबी माणूस दमडी पाठवणार नाही. तरी ३२ पैकी ३० जणांनी पाठवले, सरासरी ५.१६ डॉलर. परत आले ४.६६. थोडा तोटाच! मग नव्या जोड्यांना या आधीच्या डावांचे आकडे दाखवले. गेले ५.३६, आले ६.४६.

वाडीत करून बघायचा तर चिंचोके घ्या, दहा-दहा. सहा पाठवले की समोर अठरा पोचतात. नऊ परत आले तर पहिल्याकडे तेरा, दुसऱ्याकडे एकोणीस. हे तोंडी विचारून घ्या, उत्तर चुकलं तर पुन्हा समजवा. नाहीतर मोजता ती नुसती गोंधळाची सरासरी. सांगताना ‘विश्वास’ शब्द उच्चारायचा नाही, ऐकलं की माणसं चांगलं वागून दाखवतात. पाकिटं बंद हवीत, आणि ती सरपंचांनी गोळा करायची नाहीत (कारण सांगायला नको). अनेक डाव खेळवलेत तर शेवटचा कुठला ते सांगू नका, नाहीतर त्यात हात आखडतो. शिवाय एक गट असा ठेवा जिथे परत करायची सोयच नाही. तिथेही पाठवलं जातं ते दान, ते वजा केल्याशिवाय भरवशाचं माप मिळत नाही.

करारात दंडाची कलमं घालून भरवसा वाढतो म्हणणाऱ्यांनी फेर आणि रॉकेनबाख या संशोधकांचा अशाच डावावरचा २००३चा प्रयोग बघावा. कमी परत केलंस तर दंड, असं पाठवणाऱ्याने बजावलं की परतावा घटला. सर्वांत जास्त परत कुणाला मिळालं? दंडाची सोय हातात असून ज्यांनी ती वापरली नाही, त्यांना.

आधीचे आकडे दाखवले तेव्हा परतावा वाढला, दंड लावला तेव्हा घटला. म्हणून दलालाशी करारावर वाद घालण्याआधी वाडीतल्या दहा जणांनी आपापल्या पट्ट्या शेजारी ठेवाव्यात. फक्त एकाच दिवसाच्या आणि एकाच डझनाच्या पेट्यांच्या. पाच डझनी आणि सहा डझनी पेटीचे भाव एकत्र केलेत तर नाहक भांडण लागेल.