लिंबू-मिठाने नाणी घासू नका

‘तांब्याच्या जुन्या नाण्याचा पृष्ठभाग खरबरीत असेल तर ती टाकसाळीची दुर्मिळ चूक. हिरवी पूड दिसली तर नाणं अस्सल. लिंबू-मिठाने चमकवा, लाखोंना विका. वीज पडलेलं नाणं तांदूळ ओढतं. विकण्याआधी रिझर्व्ह बँकेचं नोंदणी शुल्क भरा.’ हा मेसेज बडोद्यात घरोघरी फिरतोय. दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मावशीलाही तो आला आणि तिने सासूबाईंच्या डब्यातले सयाजीराव महाराजांचे तांब्याचे पैसे घासायला काढले. आता मात्र गप्प बसवत नाही.

आधी लिंबू-मीठ, कारण खरं नुकसान तिथेच आहे. जुन्या तांब्यावरचा तपकिरी थर खालच्या धातूला जपतो. लिंबू तो थर काढून टाकतं आणि मिठातलं क्लोराइड उघड्या पडलेल्या तांब्याच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं. त्यातून क्युप्रस क्लोराइड तयार होतं. दमट हवा लागली की त्याची फिकट हिरवी पूड होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल आणखी तांबं खातं, आणि हे चक्र चालूच राहतं. यालाच ब्राँझ डिसीज म्हणतात. अमेरिकेतल्या गेटी संस्थेत काम केलेले डेव्हिड स्कॉट यांनी 1990 साली याचा सविस्तर आढावा घेतला. हा रोग आवरायचा तर हवेतली आर्द्रता 42 ते 46 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, असं त्यातून दिसतं. बडोद्याच्या पावसाळ्यात हे कसं जमणार?

म्हणजे ज्या पुडीला हा मेसेज अस्सलपणाची खूण म्हणतो, ती नाणं सडत असल्याची खूण आहे. मावशीच्या एका पैशावर तलवारीच्या मुठीपाशी असाच ठिपका होता. दातकोरणीने हलकेच टोकरला तर पूड सांडली आणि खाली खड्डा निघाला. हिरवा रंग नेहमीच वाईट असतो असं नाही, हे मान्य. मॅलकाइट या तांब्याच्या हिरव्या खनिजाचा थर गडद, घट्ट असतो, नखाने निघत नाही, आणि संग्राहकांना तो आवडतोही. पण बनावट नाण्यावरही हिरवा रंग रसायनांनी आणता येतो, तेव्हा अस्सलपणाचा पुरावा तोही नाही.

खरबरीतपणाबद्दल मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. टाकसाळीत नाणं पाडायचा ठसा गंजला असेल तर नाण्यावर बारीक दाणे उठतात. पण ते वर उठतात. गंजाने पडतात ते खड्डे. दहापट भिंग घ्या, उजेड तिरपा पाडा, फरक लगेच दिसेल. त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावर त्याच जागी तेच दाणे सापडले, तरच ठशाचा दोष म्हणा. बारीक गोल खळगे, बोथट अक्षरं आणि कडेला सांध्याची रेघ असेल, तर नाणं बहुधा ओतीव नक्कल असतं. घरोघरी सापडणारा खरबरीतपणा बहुतेक गंजाचाच असतो आणि त्याने किंमत उतरते.

‘वीज पडलेलं नाणं तांदूळ ओढतं’ हे तर सरळ फसवणुकीचं जुनं तंत्र आहे. तांदळात लोखंड आणि नाण्यात चुंबक, एवढंच.

राहिला शेवटचा मुद्दा, रिझर्व्ह बँकेच्या नावाने ‘नोंदणी शुल्क’ भरा. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही आणि त्यासाठी कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असं बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलंय. कुणी पैसे मागितले तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि नाणी कोरड्या डबीत, सिलिका जेलसोबत, न घासता ठेवा.