एक कारण सांगा, एकच, आणि खरं!

'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक ऑन एसडीबी१, मिसिंग कोडपेज ऑर हेल्पर प्रोग्रॅम, ऑर अदर एरर.'

काल रात्री एक्स्टर्नल ड्राइव्ह लावला तर हा मेसेज पुन्हा समोर आला (एसडीबी१ म्हणजे त्या ड्राइव्हवरचं पार्टिशन) आणि तळपायाची आग मस्तकात गेली. लिनक्सवर एक्स्टर्नल ड्राइव्ह लावणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य तोंडपाठ असणार. त्याचा शेवट बघा. 'ऑर अदर एरर'! फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) चुकली असेल, ऑप्शन चुकला असेल, सुपरब्लॉक गेला असेल, मदतीचा प्रोग्रॅम नसेल, आणि यातलं काहीच नसेल तर दुसरं काहीतरी असेल. पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला 'अपेंडिक्स असेल, मूतखडा असेल, अपचन असेल, नाहीतर दुसरं काहीतरी असेल' एवढं सांगून घरी पाठवणाऱ्या डॉक्टरकडे कोणी परत जाईल का? माउंटकडे, म्हणजे ड्राइव्ह उघडून देणाऱ्या त्या कमांडकडे, मात्र आपण रोज जातो, कारण दुसरीकडे जायची सोय नाही.

आणि तो 'सुपरब्लॉक' शब्द, म्हणजे फाइल सिस्टिमची मुख्य माहिती ठेवणारा डिस्कवरचा भाग. ड्राइव्हवर घरातले सगळे फोटो, आईच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज, गेल्या कित्येक वर्षांचं काम. हाताखाली डिस्क व्यवस्थित फिरतेय, दिवा लुकलुकतोय, टकटक असा आवाज नाही, डिस्कांची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड मारली तर पार्टिशन साइजसकट दिसतंय. आणि स्क्रीनवर लिहिलंय 'बॅड सुपरब्लॉक'. छातीत धस्स होतं हो! माझा ड्राइव्ह एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमचा. एनटीएफएसमध्ये सुपरब्लॉक नावाची गोष्टच नसते, तिथे बूट सेक्टर असतो. जी गोष्ट त्या डिस्कवर असूच शकत नाही, ती बिघडली असेल असं सांगून माणसाला घाबरवायचं? कशासाठी?

पुढचा अपमान ऐका. नव्या माउंटने त्या मेसेजखाली आणखी एक ओळ जोडली आहे, की अधिक माहिती डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नेलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग दाखवणाऱ्या कमांडमध्ये, मिळू शकेल. बरं. डीमेसेज मारलं. उत्तर काय? 'रीड कर्नेल बफर फेल्ड: ऑपरेशन नॉट परमिटेड.' म्हणजे एकजण सांगतो त्या दारात जा, आणि दारातला म्हणतो तुला आत सोडणार नाही. सुरक्षेसाठी कर्नेलचा लॉग साध्या युजरला बंद केलाय, कबूल, त्यामागची कारणं मला कळतात. पण मग माउंटमधल्या त्या सल्ल्यात 'सुडो लावून बघा' (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालवा) एवढे तीन शब्द घालायला काय जात होतं? नवशिक्या माणूस इथेच अडकतो आणि समजतो की आपलीच काहीतरी परवानगी गेली.

सुडो लावून बघितलं तर आत सरळ, स्वच्छ, एका ओळीत कारण लिहिलेलं होतं: एनटीएफएस३, एसडीबी१, व्हॉल्यूम इज डर्टी अँड फोर्स फ्लॅग इज नॉट सेट.

म्हणजे व्हॉल्यूमवर 'नीट बंद झालेला नाही' अशी खूण आहे, आणि तरीही जबरदस्तीने उघड असं सांगितलेलं नाही. बस्स. एवढंच. डिस्क धडधाकट. ड्राइव्ह आदल्या दिवशी भाच्याच्या विंडोजच्या लॅपटॉपला लावला होता, तो नीट न सोडवता काढला गेला, आणि 'डर्टी'चा झेंडा डिस्कवर तसाच राहिला. सगळं कर्नेलला पहिल्या क्षणापासून माहीत होतं! कर्नेलमधल्या एनटीएफएस३ ड्रायव्हरने तो झेंडा बघितला, आपल्या लॉगमध्ये टिपून ठेवला, आणि माउंटच्या हातात काय दिलं, तर आकडा २२. ईइनव्हॅल. 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. त्या एका आकड्यावरून माउंट बिचारा अंदाजपंचे यादी छापतो. कारण माहीत असलेला बोलत नाही, आणि बोलणाऱ्याला कारण माहीत नाही. आणि या दोघांच्या मधे रात्रभर मी.

कोणी म्हणेल की युनिक्सची पद्धतच अशी, सिस्टिम कॉलने, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नेलला केलेल्या विनंतीने, आकडाच परत करायचा. अहो, २०१९ साली कर्नेल ५.२ मध्ये माउंटची नवी व्यवस्था आली, तिच्यातून मजकूरसुद्धा परत पाठवता येतो. २०२३ साली माउंट ज्यात येतो त्या यूटिल-लिनक्स २.३९ ने ती वापरायला सुरुवात केली. रस्ता बांधून तयार आहे. त्या रस्त्यावरून ही एक ओळ पाठवायची तसदी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी घेतलेली नाही, आणि वर खिडकी उघडणाऱ्या डेस्कटॉपवाल्यांनी विचारायची तसदी घेतलेली नाही.

आणि सगळ्यात जास्त चीड याची येते की हे पूर्वी चांगलं होतं! जुना एनटीएफएस-३जी ड्रायव्हर आठवा. संथ होता, प्रोसेसर खायचा, सगळं खरं. पण असा ड्राइव्ह लावला की तो नीट सांगायचा: डिस्कवरची फाइल सिस्टिम अस्वच्छ आहे, मेटाडेटा विंडोजच्या कॅशमध्ये अडकलाय, म्हणून फक्त वाचण्यापुरतं माउंट करतोय, विंडोज पूर्ण बंद करा, हायबरनेशन आणि फास्ट रीस्टार्ट नको. कारण सांगितलं, उपाय सांगितला, आणि तोवर काम अडू नये म्हणून रीड-ओन्ली उघडूनही दिलं. याला म्हणतात माणसाचा विचार केलेलं सॉफ्टवेअर. मग २०२१ मध्ये कर्नेल ५.१५ बरोबर एनटीएफएस३ आला, वेगवान, कर्नेलच्या आतला, आणि माझ्या डिस्ट्रोने (लिनक्सच्या आवृत्तीने) मुकाट्याने त्याला पुढे बसवलं. वेग वाढला, वाचा गेली. एनटीएफएस३सुद्धा डर्टी व्हॉल्यूम रीड-ओन्ली उघडतो, आरओ (रीड-ओन्ली) ऑप्शन दिला की निमूट उघडतो. मग स्वतःहून का नाही? निदान विचारा तरी! फाइल मॅनेजरच्या त्या एरर डब्यात एकच बटण असतं, ओके. काय ओके? काहीही ओके नाहीये!

मग शोधाशोध करायला जावं तर तिथे एकच मंत्र: एनटीएफएसफिक्स चालव. प्रश्न पूर्ण वाचायच्या आत उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. हा प्रोग्रॅम म्हणजे विंडोजचा डिस्क तपासणारा चेकडिस्क नव्हे. काही ढोबळ विसंगती दुरुस्त करतो, जर्नल (बदलांची नोंदवही) रिकामं करतो, आणि पुढची तपासणी विंडोजवर ढकलतो. झेंडा काढणारा मायनस डी ऑप्शन न देता चालवला, तर ती ढकलण्यासाठी 'डर्टी'चा झेंडा तो स्वतःच लावून ठेवतो! म्हणजे शेवटी छापणार 'पार्टिशन वॉज प्रोसेस्ड सक्सेसफुली', आणि पुन्हा माउंट करायला जावं तर एनटीएफएस३ त्याच झेंड्यापाशी अडून परत तेच सुपरब्लॉकचं पुराण. किती लोकांनी या टप्प्यावर ड्राइव्ह मेला असं समजून फॉर्मॅट मारला असेल याचा विचार केला की पोटात गोळा येतो.

फॉर्मॅटवरून आठवलं. 'फॉर्मॅट करून टाक' म्हणणारी जमात मला डोळ्यांसमोर नको. ज्याचा डेटा आत अडकलाय त्याला हा सल्ला? आणि त्यांचे ते चुलतभाऊ, 'सरळ विंडोज वापर ना' वाले. याच विंडोजने आठव्या आवृत्तीपासून, २०१२ पासून, 'शट डाउन'चं बटण दाबलं तरी पूर्ण बंद न होण्याची सवय लावून घेतली. फास्ट स्टार्टअप म्हणे! कर्नेलची अवस्था डिस्कवर गोठवून ठेवतो, जोडलेल्या व्हॉल्यूमचा मेटाडेटा त्यात अडकतो, आणि माणसाला वाटतं मशीन बंद झालं. बटणावर शट डाउन लिहिलंय तर शट डाउन करा. यात अवघड काय आहे?

एकदा विषय निघालाच आहे तर एफएसटॅबचं, म्हणजे मशीन सुरू होताना कुठले ड्राइव्ह लावायचे त्या यादीच्या फाइलचंही होऊन जाऊ दे. तिथे एक्स्टर्नल ड्राइव्हची ओळ असली, नोफेल ('ड्राइव्ह नसला तरी पुढे चल') लिहिलेलं नसलं, आणि एखाद्या सकाळी ड्राइव्ह न लावता मशीन सुरू केलं, की मशीन सुरू करणारा सिस्टिमडी दीड मिनिट त्या नसलेल्या ड्राइव्हची वाट बघत बसतो आणि मग अख्खं मशीन इमर्जन्सी मोडमध्ये टाकून देतो. बॅकअपचा ड्राइव्ह खणात आहे म्हणून मला माझा ईमेल वाचता येणार नाही? ही कुठली प्राथमिकता? नोफेल हा अपवाद का, तो मूळ नियम का नाही?

यूएएसवाल्या (यूएसबीची वेगवान पद्धत वापरणाऱ्या) एन्क्लोजरांचं, म्हणजे डिस्कच्या बाहेरच्या डब्यांचं, तर नावच काढू नका. फाइल कॉपी होता होता ड्राइव्ह गायब, लॉगमध्ये रीसेटवर रीसेट, आणि परत येतो तो एसडीसी असं नवं नाव घेऊन, जुना एसडीबी माउंट पॉइंटला तसाच लटकलेला, फाइलींची यादी मागणाऱ्या प्रत्येक ls ला इनपुट-आउटपुट एरर. आत चिप कुठली आहे हे खोक्यावर लिहायचं नाही, आणि ग्राहकाने मात्र व्हेंडर आयडी शोधून कर्नेलला क्वर्क्स (त्या चिपसाठीचे अपवाद) लिहून द्यायचे. यूएसबी २ च्या पोर्टचा करार ५०० मिलिअँपिअरचा, यूएसबी ३ चा ९००, आणि डिस्कला फिरायला सुरुवात करताना जास्त लागतात, तरी इतकुशी बारीक केबल खोक्यात घालतात. आणि तो कॉपीचा हिरवा पट्टा! शंभर टक्के दाखवतो तेव्हा अर्धा डेटा अजून रॅममध्येच असतो. विश्वास ठेवून केबल काढली की पुढच्या वेळी कुठला मेसेज येणार ते वर लिहिलंच आहे.

आज पहाटे आरओ लावून सगळं कॉपी करून घेतलं, ड्राइव्ह भाच्याकडे नेऊन चेकडिस्क केला, आता तो ठणठणीत चालतोय. म्हणून राग गेलेला नाही. माझं काम झालं, पण हाच मेसेज आत्ता कुणाच्या तरी स्क्रीनवर आहे, आणि त्याला डीमेसेज म्हणजे काय हेही माहीत नाही.

माझी मागणी छोटी आहे. त्या एरर डब्यात डीमेसेजमधली ती एक ओळ दाखवा, आणि ओकेच्या शेजारी 'फक्त वाचण्यासाठी उघडा' असं बटण द्या. लॉग, कर्नेलची आवृत्ती, पायरीपायरीने कृती, सगळं जोडून आज रात्री तक्रार नोंदवतोय. आणि कृपा करून 'आमच्याकडे चालतंय' असं लिहून ती बंद करू नका.