शाश्वत डिझाइन शिकायचंय? आधी एक बंद पडलेली किटली उघडा

डिझाइनच्या पहिल्या वर्षातल्या मुलांना ‘शाश्वत’ म्हटलं की बांबू, ताग आणि मातकट रंगाचं पॅकिंग सुचतं. सुरुवात तिथून व्हायला काहीच हरकत नाही. पण विद्यार्थ्याची समज खरोखर वाढली, असं मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा तो विचारायला लागतो: ही वस्तू बिघडली तर उघडणार कोण आणि कशानं? हा प्रश्न कागदावर सुचत नाही. त्यासाठी हातात स्क्रूड्रायव्हर घ्यावा लागतो.

विजेची किटली यासाठी उत्तम. प्लग काढा, आत पाणी नाही ना ते बघा आणि पूर्ण सुटी करा. (मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र शिकाऊ हातांनी उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार उरलेला असू शकतो.) प्रत्येक भाग तोला आणि वजन, साहित्य, जोडणीचा प्रकार, सुटं करायला लागलेला वेळ, असे चार रकाने भरा. काढताना जे मोडेल ते फेकू नका, वेगळं ठेवा. मला विचाराल तर अख्ख्या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा ढीग तोच.

त्यात बहुतेकदा झाकणाची बिजागरी आणि खटके, म्हणजे दाबून अडकवायच्या प्लास्टिकच्या जिभा, सापडतात. प्लास्टिकचा खटका मुळाशी तुटतो, कारण तिथं काटकोन ठेवलेला असतो आणि वाकताना सगळा ताण त्या कोपऱ्यात साठतो. मुळाशी खटक्याच्या जाडीच्या निम्म्याइतकी गोलाई दिली तर तो कितीतरी जास्त टिकतो. स्क्रूचंही तसंच. प्लास्टिकमध्ये थेट आटे पाडत जाणारा स्क्रू चार-सहा वेळा काढघाल केली की फिरायला लागतो. वारंवार उघडावं लागणाऱ्या जागी पितळी इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी, बसवावा. भाग किंचित महागतो, पण वस्तू पुन्हा उघडता येते.

साहित्य ओळखायला आधी भागाच्या आतल्या बाजूचा प्लास्टिकच्या नावाचा ठसा बघा. ठसा नसेल तर तुकडा पाण्यात टाका: पीपी (पॉलिप्रॉपिलीन) तरंगतं, एबीएस हे दुसरं कडक प्लास्टिक बुडतं. पण टाल्क ही खनिज भुकटी भरलेलं पीपीही बुडू शकतं, तेव्हा या एकाच चाचणीवर विसंबू नका. मुठीवर रबरासारखा मऊ थर साच्यातच चढवलेला असेल तर दोन्ही साहित्यं वेगळी करणं जवळजवळ अशक्य. शिवाय काळं प्लास्टिक: त्यातल्या कार्बन ब्लॅक या काजळीसारख्या रंगद्रव्यामुळे कचरा वर्गीकरणाच्या इन्फ्रारेड यंत्रांना ते ओळखताच येत नाही. रंग निवडणं हासुद्धा पर्यावरणाचा निर्णय असतो, हे इथं कळतं.

आणि किटलीचा खरा भार तिच्या प्लास्टिकपेक्षा विजेत असतो. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला निदान ०.०९३ युनिट लागतं. गरज पाव लिटरची आणि किमान पातळीची खूण अर्ध्या लिटरवर असेल, तर दर वेळी पाव लिटर फुकट तापतं. दिवसातून ३ वेळा धरलं तर वर्षाला सुमारे २५ युनिट. ती खूण कुठं द्यायची हे डिझायनर ठरवतो. कापडी पिशवीचंही असंच आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अभ्यासानुसार, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी हवामानावरच्या परिणामात बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. म्हणून ‘कापडी बरी’ एवढं पुरत नाही. किती वापरासाठी, हे तुलनेआधी ठरवायचं.

समाजबदलाची गोष्ट आली की मुलं ‘प्लेपंप’सारख्या कल्पनांवर भाळतात. मुलांनी चक्रावर खेळायचं आणि त्या जोरावर पाणी टाकीत चढायचं! आफ्रिकेत २००६ नंतर त्याचा मोठा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात पाणी पुरेल इतकं मुलं खेळणार नव्हती, बायकांना वाकून ते चक्र ढकलावं लागलं, आणि बिघाड झाला की गावात कोणाला दुरुस्त करता येईना. काही ठिकाणी तर आधीचा हातपंप काढून तो बसवला होता.

त्यापेक्षा हातपंपाचा इतिहास वाचा. सोलापूर पंप या आधीच्या हातपंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साथीनं घडलेला ‘इंडिया मार्क २’ कणखर होता. पण दट्ट्याचा वॉशर बदलायला खालचा सगळा पाइप वर ओढावा लागे: खास अवजारं, प्रशिक्षित माणसं, गाडी. ‘मार्क ३’ मध्ये पाइप रुंद केला आणि दट्ट्या त्यातूनच वर काढता येऊ लागला. किंमत मोजावी लागलीच. रुंद लोखंडी पाइप जड, त्यामुळे तोच गंजला तर काढणं अवघड. तरी वॉशर पाइपपेक्षा कितीतरी आधी झिजतो, म्हणून मला हा सौदा योग्य वाटतो. दिसायला दोन्ही पंप सारखेच. समाजाशी असलेलं नातं मात्र पाइपच्या व्यासात बदललं.

म्हणून अंतिम प्रकल्पात रेंडरच्या (वस्तूच्या संगणकावरच्या देखण्या चित्राच्या) शेजारी सुट्या भागांचं चित्र, लागणाऱ्या अवजारांची यादी आणि आधी झिजणारे तीन भाग मागितलेच पाहिजेत. दुरुस्तीची चाचणी विद्यार्थ्यानं स्वतः करायची नाही. नमुना कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्या, मध्ये बोलू नका, घड्याळ लावा. तो कुठं अडतो, कुठं उगाच जोर लावतो, काय मोडतं, ते सगळं पुढच्या आराखड्यात दिसलं पाहिजे.