जावयाची सही

सासुरवाडीत मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही. कुठे बसायचं, किती जेवायचं, घरी जाताना किती नारळ न्यायचे, सगळं परस्पर ठरतं. पण फोंड्याजवळचं ते जुनं चौसोपी घर विकायला निघालं आणि माझा भाव एकदम वधारला. गोव्यात अजून १८६७ सालचा पोर्तुगीज नागरी कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, वडिलोपार्जितसुद्धा. मुलीला मुलाइतकाच वाटा, आणि तिच्या वाट्यात तिचा नवरा. थोडक्यात, माझ्या सहीवाचून व्यवहार होत नाही.

वकिलांनी हे सांगितलं तेव्हा मोठे काका मला प्रथमच म्हणाले, "जावईबापू, तुमचं काय मत?" मला मतच नव्हतं. ठेवायची सवय नाही. पण त्या दुपारी इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, पहिला तुकडा माझ्या पानात पडला.

गिऱ्हाईक घर बघायला येणार म्हटल्यावर सगळे सहीवाले हजर. मडगावचे साडू इस्त्रीच्या शर्टात. एरवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर न दिसणारी धाकटी वहिनी चक्क आजोबांच्या आरामखुर्चीत. तिचीही सही लागते म्हणे.

एजंट दिल्लीच्या जोडप्याला घेऊन आला. "ओरिजिनल पोर्तुगीज व्हिला!" असं तो दारातूनच म्हणाला आणि काका उसळले. "पोर्तुगीज? अरे, त्यांना चुकवायलाच आमचे पूर्वज देव घेऊन झुआरी ओलांडून इकडे आले! मंगेश १५६० साली कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, ठाऊक आहे? आणि हा फोंडा पोर्तुगिजांच्या हाती लागला १७६३ला. तोवर आमच्या भिंतींना शेवाळ धरलं होतं!"

ते शेवाळ अजून आहे. कदाचित तेच असेल.

दिल्लीकरांनी आदराने मान डोलावली आणि विचारलं, "स्विमिंग पूल कुठे बसेल?" एजंटने नुसत्या डोळ्यांनी राजांगणातलं तुळशीवृंदावन दाखवलं. आत्याने ते पाहिलं. त्यानंतर एजंटला चहा मिळाला नाही.

बाई मात्र खिडक्यांवर भाळल्या. लाकडी चौकटींत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या; दुपारचं ऊन त्यांतून ताकासारखं पांढुरकं होऊन आत येतं. जिथली चकती गळली तिथे मेहुण्याने बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकला आहे. बाईंनी पुठ्ठ्याचाही फोटो काढला. जुनी पद्धत असावी असं त्यांना वाटलं, आणि आम्ही कोणी काही बोललो नाही.

देवखोलीपाशी काकांनी अट घातली. "चतुर्थीला गणपती इथेच बसणार. तेवढं खरेदीखतात लिहा. मूर्तीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधायला आम्ही आदल्या दिवशी येऊ."

"किती जण?"

"घरचेच. साठेक."

साहेबांनी विषय बदलून कागदपत्रं मागितली. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यावर अजून पणजोबाच मालक आहेत. त्यांच्या खालचे वारस गिरगावात, टोरांटोत, लिस्बनमध्ये. एक पुतण्या मागल्या वर्षी बोहल्यावर चढला. त्याचे वडील हयात नाहीत, म्हणजे ज्या मुलीने हे घर फक्त मोबाइलवर पाहिलंय, तीही आता मालकीण. वकील ही यादी वाचत असताना साहेब हळूहळू फाटकाकडे सरकत होते. तेवढ्यात धाकटी वहिनी आरामखुर्चीतूनच म्हणाली, "मी अजून ठरवलेलं नाही हं." साडूंनी आणि मीही मान हलवली. साहेब "कळवतो" म्हणाले. एजंट काहीच म्हणाला नाही.

गाडी वळणाआड गेल्यावर काकांनी माळ्याकडे पाहिलं. तिथून आभाळ दिसत होतं. पावसाळा तोंडावर, शाकारणी करायलाच हवी. वासे बदलायचे, कौलं नवी आणायची. त्यांनी वही काढली आणि नावं लिहू लागले. पहिलं माझं.

"काका, मी तर जावई!"

"असं कसं? मालक ना तुम्ही? वकील काय म्हणाले ऐकलं नाहीत?"

साडूंना मडगावची शेवटची बस आठवली. वास्तविक ते स्वतःची गाडी घेऊन आले होते.